येत नसेल तर डावा हात

३ डिसेंबर, बुधवार

शिरूरच्या गणित प्रशिक्षणात आज विस्तार अधिकारी अनुपमा मॅडमनी सगळ्या शिक्षकांना रोजनिशी ठेवायला सांगितली. वर्गात काय घडलं, काय चुकलं, मनात काय आलं ते लिहायचं. मी विचारलं, "मॅडम, तपासणार कधी?" त्या म्हणाल्या, "तपासणार नाही. तुमची तुम्ही लिहा, तुमची तुम्ही वाचा." इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी तपासणार नाही असं लिखाण प्रथमच वाट्याला आलंय. त्यामुळे अक्षर जरा वाईट काढतोय.

प्रशिक्षणाचा विषय होता सातवीच्या मुलांना स्वतः डोकं चालवून गणित सोडवायला शिकवणे. उदाहरण द्यायचं आणि शिक्षकाने गप्प बसायचं. मुलं चुकली तरी गप्प, अडली तरी गप्प. मला हसू आलं. गप्पच बसायचं होतं तर मी घरी बसलो असतो, तिथे मला बोलू देतंय कोण!

माझी पद्धत वेगळी आणि सिद्ध झालेली आहे. शाब्दिक उदाहरणात 'एकूण' किंवा 'दोन्ही' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. मुलाला उदाहरण समजण्याची गरजच पडत नाही. केवढा वेळ वाचतो.

८ डिसेंबर, सोमवार

मुख्याध्यापक बबनराव सरांनी दार लावून घेऊन सांगितलं, की जानेवारीअखेर अनुपमा मॅडम आपल्या शाळेत येणार आहेत. गावाने आठवीचा वर्ग मागितलाय, त्याची पाहणी. आमची शाळा मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या वस्तीवर, सातवीपर्यंतची. पुढे मांडवगणला जावं लागतं आणि तो रस्ता सगळा उसातून. दिवाळीत बिबट्याने त्याच रस्त्यावरून एक वासरू नेलं. तेव्हापासून मोठी माणसंसुद्धा मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून जातात.

पालकसभेत सातवीतल्या अंकिताच्या आजी गिताबाईंनी उभं राहून सांगितलं होतं, "आमची अंकी आठवी शिकंल तर हितंच. त्या उसातनं म्या तिला धाडनार न्हाई. वाघाला काय तिची इयत्ता ठावं हाय?" अंकिताचे आई-बाप कुरकुंभला कंपनीत, दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून पोरगी आजीपाशी असते. आजी बोलली म्हणजे विषय संपला. इथे आठवी झाली नाही तर ती सातवीनंतर घरीच बसणार.

मॅडम दोन गोष्टी पाहणार. आठवीत बसतील अशी किमान वीस मुलं समोर दिसायला हवीत, नुसती कागदावर चालणार नाहीत. आणि पुढचं गणित शिकवू शकेल असा शिक्षक हवा. सातवीत तेवीस मुलं आहेत. शिक्षक मी आहे. दोन्हींत काही अडचण दिसत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मॅडमनी दिलेलं एक उदाहरण आज वर्गात घातलं. एक मोटर हौद सहा तासांत भरते, दुसरी तीन तासांत. दोन्ही एकदम चालू केल्या तर हौद किती वेळात भरेल?

पप्पूने लगेच सांगितलं, "नऊ तास."

"कसं काय?"

"दोन्ही आलं की बेरीज. तुमीच सांगितलंय."

एकटी मोटर तीन तासांत भरत असताना मदतीला दुसरी आली तर नऊ तास कसे लागतील, असं विचारणार होतो. पण पद्धत माझीच असल्यामुळे मी विषय वाढवला नाही.

तेवढ्यात अंकिता म्हणाली, "गुरुजी, दोनी मोटरी येकाच हिरीवर हायेत का?"

"त्याने काय फरक पडतो?"

"आमच्या हिरीवर दोन लावल्या तर जरा येळात पानी तळाला जातंय. मंग दोनी मोटरी नुसती हवा वढत्यात."

मागून कुणीतरी विचारलं, "आन् पाळी कुनाची हाय?" दुसऱ्याने विचारलं, "लाईट दिवसाची का रातची?" मग कोणत्या घराने कुणाच्या पाळीत मोटर चालू केली यावरून दोन चुलतभाऊ उठून उभे राहिले. तास संपला तेव्हा फळ्यावर एकही आकडा नव्हता.

पुस्तकातल्या विहिरीला पाणी असतंच, असं मी अंकिताला सांगितलं. तिने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. ही मुलगी फार प्रश्न विचारते. गणितात कच्ची मुलं अशीच वेळ काढतात.

१७ डिसेंबर, बुधवार

गप्प बसण्याची पद्धत एकदा करून पाहावी म्हटलं, म्हणजे ती चालत नाही हे अधिकाराने सांगता येईल. उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि खुर्चीत बसलो. उत्तर लगेच जिभेवर आलं. खिडकीबाहेर पाहिलं. रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. शेवटी तोंडात बडीशेप टाकली, कारण तोंडात काही असलं की मी बोलत नाही असं सौ.चं निरीक्षण आहे.

मुलं आधी माझ्याकडे पाहत राहिली. पप्पूने विचारलं, "गुरुजी, बरं वाटत न्हाई का?" मी नुसती मान हलवली. मग ती एकमेकांकडे पाहायला लागली, मग वहीकडे, आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली. कुजबुज गणिताचीच होती, हे मी कान देऊन खात्री करून घेतलं.

बडीशेप संपल्यावर मी उत्तर सांगून टाकलं. वर्गभर "आऽऽऽ" असा आवाज झाला. सम्राट तर चक्क रागावला. "आमचं येतच व्हतं की गुरुजी!" उत्तर सांगितल्याबद्दल माझ्यावर आजवर कुणी रागावलं नव्हतं. पोरांना शिस्त राहिलेली नाही. उद्या जास्त बडीशेप न्यावी लागेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज मधल्या सुट्टीची घंटा झाली ती कुणालाच ऐकू आली नाही. खिचडीवाल्या मावशी दारात येऊन ओरडल्या तेव्हा कळलं. उदाहरण साधंच होतं. काडेपेटीच्या काड्यांचे दहा चौकोन एका ओळीत, एकमेकांना चिकटून मांडायचे, तर किती काड्या लागतील? चार दाहे चाळीस असं सगळ्यांनी सांगितलं. मीही तेवढ्यावर समाधानी होतो.

अंकिता म्हणाली, "गुरुजी, दोन वावरांत बांध येकच असतोय की."

मग सगळे खाली बसले आणि काड्या मांडायला लागले. कुणी बांध मोजायला विसरलं, कुणी दोनदा मोजला, पप्पू काड्या मोडून दुप्पट करत होता. एकतीस आल्या तेव्हा एवढा आरडाओरडा झाला, की बबनराव सर छडी घेऊन धावत आले. मी फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. उठायला जरा वेळ लागला.

मुलांनाही आता नियम घातलाय, की उत्तर सांगायचं नाही, समोरच्याला काढू द्यायचं. या नव्या पद्धतीने फार दमायला होतं. संध्याकाळी दौंडला घरी पोचल्यावर मी चौकोनांच्या जागी त्रिकोण घेतले तर काय होईल ते ताटाशेजारी मांडून पाहत होतो. सौ. म्हणाली, "बऱ्याच वर्षांनी खूश दिसताय." मी सांगितलं, की मी अतिशय त्रासलेलो आहे. तिने काड्या उचलून गॅसपाशी नेऊन ठेवल्या.

५ जानेवारी, सोमवार

मॅडमच्या भेटीची तारीख ठरली, २९ जानेवारी. आदर्श पाठ मी द्यायचा. गप्प बसून वगैरे शिकवणं रोजच्यासाठी ठीक आहे, पण आठवीचा प्रश्न असताना असला जुगार खेळता येणार नाही. उदाहरण आधी ठरवायचं, उत्तर पाठ करून घ्यायचं, आणि मुलांनी त्या दिवशी विचार करत असल्यासारखं दिसायचं.

दोन मोटरींचं उदाहरण घ्यायचं ठरवलं. विहिरीची कटकट मिटावी म्हणून दोन मोटरींना दोन स्वतंत्र विहिरी दिल्या, दोन्हींना भरपूर पाणी आणि दिवसभर लाईट. मुलं म्हणाली, "आसं गाव कुठं हाय गुरुजी? तिकडंच जाऊ." एका तासात एक मोटर हौदाचा सहावा भाग भरते, दुसरी तिसरा भाग, मिळून अर्धा हौद. म्हणून दोन तास. हे सगळ्यांकडून घोकून घेतलं. आता पप्पूला झोपेतून उठवलं तरी तो "दोन तास" म्हणेल.

१२ जानेवारी, सोमवार

आज हात वर करण्याचा सराव. ही माझी खास युक्ती आहे आणि तिच्या जोरावर मी आजवर एकही तपासणी हरलेलो नाही. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि मी उजव्या हातवाल्यालाच उठवतो. कुणाचा अपमान नाही, कुणाला त्रास नाही.

अडचण फक्त पप्पूची. त्याला डावा-उजवा कळत नाही. मी त्याच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, येत असेल तर दोऱ्याचा हात. दुसऱ्या तासाला पाहतो तर दोरा डाव्या मनगटाला. म्हणाला, "त्या हाताला टोचत व्हता." मी कपाळाला हात लावला, तर वर्गातल्या दोघांनी तो कोणता हात आहे ते पाहून घेतलं.

अंकिता प्रत्येक प्रश्नाला डावा हात वर करते. घोकलेल्या उदाहरणालाही. मी म्हटलं, "अगं, उत्तर पाठ आहे ना तुझं?"

"पाठ हाय गुरुजी. पर दुसऱ्या हिरीचं पानी कुठनं आलं ते कळलं न्हाई."

२१ जानेवारी, बुधवार

बबनराव सरांचा सल्ला पटला. पाहणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरीच राहायला सांगायचं. सगळ्याच शाळा करतात. चार नावं काढली. पप्पू, त्याचे दोन दोस्त आणि अंकिता. त्या तिघांना सांगितलं तेव्हा त्यांनी उड्या मारल्या. अंकिताला बाजूला घेऊन समजावलं, की वर्ग चांगला दिसला तर आठवी मिळणार, आणि ती तर तुलाच हवी आहे. म्हणून त्या दिवशी तू येऊ नकोस.

ती म्हणाली, "बरं गुरुजी." जाऊन पुन्हा परत आली.

"गुरुजी, मॅडम किती पोरं मोजनार?"

"वीस तरी हवीत."

"आन् आमी किती हाय?"

"तेवीस. तुला माहीत नाही का?"

ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाहत. मी म्हटलं, "काय झालं? जा आता." गेली. हिचं असंच आहे, साध्या साध्या गोष्टी विचारते आणि उत्तर दिलं तरी हलत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

एकोणीस.

काल जेवताना मी सगळा बेत सौ.ला ऐकवला, अंकिताच्या प्रश्नांसकट. सौ. म्हणाली, "तेवीसातनं चार?" आणि वाढायला आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता.

चौघांनाही सांगितलं, या. बबनराव सरांना सांगितलं, की फार विचार करून मी निर्णय बदललाय. अंकिताला वर्गात बोलावून म्हटलं, "तू काल स्पष्ट का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुमी म्हनलाय ना, उत्तर सांगायचं नसतं. समोरच्याला काढू द्यायचं."

२९ जानेवारी, गुरुवार

सविस्तर लिहितो, कारण असा दिवस पुन्हा येणार नाही, आणि आला तर मी रजेवर असेन.

मॅडम वेळेवर आल्या. मागच्या बाकावर मुलींशेजारी बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. तेवीसच्या तेवीस मुलं हजर, केसांना तेल, गणवेश धुतलेले. बबनराव सर दारात. मी खडू हातात घेतला आणि म्हणालो, "मुलांनो, आज आपण एक नवीन..."

"दोन तास!" पप्पू ओरडला.

मॅडमना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे उदाहरण झालेलं दिसतंय. मी एक देऊ का?" नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी उभं राहून सांगितलं, "इथून मांडवगणला पाच मुलं पोचवायची आहेत. मोटारसायकल एक. चालवणाऱ्याच्या मागे एका वेळी दोनच मुलं बसतात. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. पाचही मुलं पोचायला किती वेळ लागेल?"

पप्पू म्हणाला, "पाची एकदम बसत्यात मॅडम. माझा चुलता नेतोय की."

"वाटेत पोलीस आहेत असं समजू."

मी मनात हिशेब केला. दोन, दोन, एक. तीन खेपा, तीस मिनिटं. सुटलो! ज्याचा उजवा हात असेल त्याला उठवायचं. मी म्हटलं, "कोण सांगेल?"

एका क्षणात सगळा वर्ग हात वर करून बसला. सगळे डावे. इतकी शिस्त या वर्गाने कधीच दाखवली नव्हती. एकटा पप्पू उजवा हात वर करून होता, म्हणजे त्याला येत होतं, किंवा उजवा-डावा येत नव्हता.

"अरे वा, सगळ्यांना येतंय," मॅडम म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या अंकिताकडे वळल्या. "तू सांग."

अंकिता उभी राहिली. "मला येत न्हाई, मॅडम."

"मग हात का वर केलास?"

"डावा केलाय. येत नसलं की आमी डावा करतो."

मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. हात अजून वरच होते, खाली घ्या म्हणायचं मला सुचलं नव्हतं. बबनराव सर दारातून दिसेनासे झाले. संपलं, असं मला वाटलं. आठवी गेली, आणि या मुलीनेच स्वतःच्या हाताने घालवली. त्या वेळी मला तिचा राग आला, खोटं कशाला लिहू.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्या अंकिताला म्हणाल्या, "बरं. नेमकं काय येत नाही?"

"दोन गेली, पुन्यांदा दोन गेली. मंग राहिलेलं येक पोर हितं उसापाशी एकलं थांबतंय. मोटारसायकल येईस्तोवर. तसं कुनी करनार न्हाई. मंग खेपा कशा करायच्या ते येत न्हाई."

मॅडमनी खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. गणित बदलू या. एकही मूल एकटं राहता कामा नये, इथेही नाही आणि तिथेही नाही. आता सांगा."

आता मी पुन्हा हिशेब केला. दोन, दोन, एक केलं तर शेवटचं एकटं राहतं. आधी एक नेलं तर ते तिकडे एकटं पडतं. पाच विषम, त्याला दोनने भाग जात नाही, म्हणजे कुणीतरी एकटं राहणारच. हे होणार नाही, अशी माझी खात्री झाली. तीस मिनिटांत परतीच्या खेपा धरायला मी विसरलो होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, बडीशेपही नव्हती.

पोरांनी बाक सरकवले. खिडकीखाली वस्ती, दाराशी मांडवगण. पाच जण मुलं झाले. पप्पू मोटारसायकल झाला, कारण आवाज त्याला चांगला काढता येतो. दोघांना ओढत नेलं, परत आला, दोघांना नेलं. खिडकीखाली सम्राट एकटा उरला. सगळ्यांनी गलका केला, "खाल्ला, खाल्ला!" पुन्हा सुरुवात. एकाला आधी नेलं, तो दाराशी एकटा पडला. "त्यालाबी खाल्ला!" असं कितीतरी वेळ चाललं. मुलं बदलली, क्रम बदलला, वाद झाले, कुणीतरी रडकुंडीला आलं. माझ्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं.

शेवटी पप्पू धापा टाकायला लागला. पहिल्या दोघांना पोचवून परत आल्यावर म्हणाला, "या खेपंला येकच बसा. पेट्रोल संपलंय माझं."

"आरं, येकच कशाला? जागा रिकामी जाती!" सगळे त्याच्यावर ओरडले. रिकामी जागा नेणं आमच्याकडे कुणालाच सहन होत नाही, मीही ओरडणार होतो. पण पप्पू एकालाच ओढत घेऊन गेला.

"थांब, थांब," अंकिता म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं. तिथे तिघं. खिडकीकडे पाहिलं. तिथे दोघं. "आता जा. त्या दोघांना घिऊन ये."

पप्पू गेला, दोघांना घेऊन आला. कुणी एकटं राहिलं नाही. मग जो काही कल्ला झाला, तो ऐकून बबनराव सर परत आले. मी टाळ्या वाजवत होतो. केव्हा सुरू केल्या ते आठवत नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि ते खडूच्या धुळीने नव्हे.

"जायच्या तीन, यायच्या दोन," अंकिता म्हणाली. "पन्नास मिन्टं."

मॅडमनी तिला विचारलं, "आणि मोटारसायकलच नसेल तर?"

"मंग आठवी न्हाई," अंकिता म्हणाली आणि खाली बसली.

निघताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "सावळाराम गुरुजी, एवढा वेळ तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. एवढा संयम मी कुठल्या पाठात पाहिलेला नाही." मी नम्रपणे मान लववली. मला उत्तर येत नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

१९ मार्च, गुरुवार

शिरूरहून फोन आला. मॅडमनी 'डावा हात पद्धत' सगळ्या शाळांना सांगायची ठरवलीय. ज्याला येत नाही त्याने डावा हात वर करायचा आणि शिक्षकाने आधी त्यालाच विचारायचं, काय येत नाही. ही पद्धत मला कशी सुचली यावर मी पुढच्या प्रशिक्षणात अर्धा तास बोलायचं आहे. सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, "खरं सांगणार का?" मी म्हटलं, विचार करतोय.

७ मे, गुरुवार

आठवी मंजूर झाली. गणित मीच शिकवायचं. बबनराव सरांनी पेढे वाटले. आठवीचं पुस्तक आणलं आणि पेढा खातच उघडलं. बैजिक राशींचे अवयव. पेढा तसाच हातात राहिला.

१५ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस, आठवीचाही पहिला. नवीन फळा, नवीन बाक, मुलांना फुलं दिली. हजेरी घेतली. बावीस. अंकिता नव्हती.

मधल्या सुट्टीपर्यंत थांबलो, मग मोटारसायकल काढून तिच्या घरी गेलो. गिताबाई दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "या गुरुजी, बसा. तिला मीच ठिवलीय घरी."

"का हो आजी? आठवी तर आता इथेच झाली. उसातून जायचं नाही."

"त्ये कळलं. पर अंकी म्हनती, गुरुजींना आठवीचं गनित येत न्हाई. म्हनलं आधी इचारावं. खरं हाय का?"

मे महिन्यात अंकिता शाळेत पुस्तकं न्यायला आली होती, तेव्हा मी पहिल्या प्रकरणाशी झटापट करत होतो. तिने पाहिलं असणार. आता ती घराच्या दारात उभी होती, चौकटीला धरून. मी काय बोलतो त्यावर सगळं होतं. येतं, असं ठामपणे म्हणायचं आणि मुलीला घेऊन जायचं, एवढंच करायचं होतं. म्हातारीला बैजिक राशी कुठे तपासता येणार होत्या? माझ्या आयुष्यात मी अधिकाऱ्यांनासुद्धा याहून मोठ्या थापा मारल्यात.

मी अंकिताकडे पाहिलं आणि म्हणालो, "खरं आहे, आजी. सगळं नाही येत. शिकतोय."

गिताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मंग झालं तर. येतंय म्हनला असता तर म्या तिला धाडली नसती. माझी नात खोटं बोलत न्हाई, ह्ये मला ठावं हाय. म्हंजी तुमी खोटं बोलला असता, आन् खोटं बोलनाऱ्या मास्तराकडं पोर कशाला घालू?" मग आत तोंड करून म्हणाल्या, "जा गं. त्यांना एकट्याला व्हायचं न्हाई त्ये."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं, की मी गिताबाईंच्या पाया पडलो आणि त्या गडबडून गेल्या.

अंकिता दप्तर भरूनच उभी होती. वाटेत तिने पहिल्या प्रकरणातलं तिसरं उदाहरण कसं सोडवायचं ते विचारलं. मी म्हटलं, बघू या.